खोलीच्या मधोमध उभे राहू नका

माझ्या कामाच्या दिवसाची सुरुवात १ किलोहर्ट्झच्या एका सपाट आणि थोड्या कर्कश शिट्टीने होते. मुठीत मावणारा कॅलिब्रेटर मायक्रोफोनच्या तोंडावर बसवायचा, बटण दाबायचे आणि मीटरवर ९४ डेसिबल उमटतात का ते पाहायचे. ध्वनिदाब १ पास्कल असेल, तर २० मायक्रोपास्कल या संदर्भदाबाच्या तुलनेत तो जवळजवळ नेमका ९४ डेसिबल भरतो, म्हणून हा आकडा. आमच्या प्रयोगशाळेत याखेरीज एक जुना पिस्टनफोनही आहे, म्हणजे पिस्टन हलवून ठरावीक आवाज देणारा कॅलिब्रेटर. तो समुद्रसपाटीवर १२४ डेसिबल देतो, पण पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब कमी पडतो आणि तोच पिस्टनफोन १२४ पेक्षा अर्ध्या डेसिबलहून थोडा जास्तच कमी देतो. नवीन आलेल्या मुलांना ही दुरुस्ती करावी लागते हे ठाऊक नसते. मग ती मुले चांगल्या मायक्रोफोनवर बिघाडाचा शिक्का मारतात आणि तो दुरुस्तीला पाठवायला निघतात.

ध्वनी आणि कंपन मोजणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. नातेवाइकांना तो अजूनही पटलेला नाही, लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतेच, "म्हणजे आवाज मोजायचे पैसे मिळतात?" मिळतात. भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात जोपर्यंत गाड्या, कंप्रेसर आणि गिअरबॉक्स तयार होत आहेत, तोपर्यंत त्यांचा आवाज कोणीतरी मोजून द्यावाच लागणार. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र मी बिनपगारी काम करतो: लाउडस्पीकर बांधतो, ते मोजतो, मोडतो आणि पुन्हा बांधतो. ही दोन्ही कामे एकाच शास्त्राची आहेत असे मी बरीच वर्षे समजत होतो. तरीही कामावर शिकलेली गोष्ट घरी लागू करायला मला किती उशीर झाला, त्याची ही हकीकत आहे, आणि तिची सुरुवात एका जनरेटरपासून होते.

एका गृहसंकुलातून तक्रार आली होती. वीज गेली की तळमजल्यावरचा डिझेल जनरेटर सुरू होतो आणि तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला झोप लागत नाही, असे तिचे स्वरूप होते. संकुलाच्या समितीचे म्हणणे असे, की जनरेटर ध्वनिरोधक पेटीत आहे, त्याला प्रमाणपत्र आहे आणि आजींना तक्रार करण्याची सवय आहे. मी पेटीपासून १ मीटरवर चारी बाजूंनी रीडिंग घेतले. सरासरी ७३ डीबीए आली (डीबीए म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेप्रमाणे कमीजास्त करून, ए-भारांकन लावून, मोजलेले डेसिबल). नियमाची मर्यादा ७५ आहे. मग वर जाऊन आजींच्या झोपायच्या खोलीत, भिंतींपासून अंतर राखून, खोलीच्या मध्यावर तिपाईवर मायक्रोफोन ठेवला. ३४ डीबीए. निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ आहे, आणि तीही घराबाहेरची. कागदोपत्री विषय संपला होता आणि मी वायरी गुंडाळायला लागलो होतो.

आजींनी मला थांबवले. त्यांच्या कपाटाच्या फळीवर तांब्या आणि त्यावर उपडे घातलेले फुलपात्र होते, आणि जनरेटर चालू असेपर्यंत ते फुलपात्र बारीक झणझणत होते. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं यंत्र खोटं बोलत नसेल, पण ते उभं चुकीच्या जागी आहे. मी काही खोलीच्या मधोमध उभी राहून झोपत नाही. इकडे या, उशीवर डोकं टेका आणि मग सांगा."

अनोळखी घरी पलंगावर आडवे व्हायला संकोच वाटला, पण टेकलो. उशीशी कान गेला मात्र, कोणीतरी छातीवर जाड पुस्तक ठेवावे तसा दाब जाणवला. त्याला आवाज म्हणावे की नाही, हेच आधी ठरवता येईना. उठून खोलीच्या मध्यावर आलो की तो नाहीसा होई आणि पलीकडच्या भिंतीपाशी गेलो की पुन्हा हजर होई.

त्या क्षणी काय चालले आहे हे मला कळायला हवे होते, पण आधी मी वेगळ्याच वाटेला गेलो. लॅपटॉपवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे याचा आलेख, उघडला तर ५० हर्ट्झच्या आसपास एक उंच सुळका दिसत होता. भारतात मोजमाप करणाऱ्या कोणालाही ५० हर्ट्झचा सुळका दिसला की पहिला संशय अर्थिंगवर जातो. चार्जरमधून, लांब केबलमधून किंवा सैल जोडातून विजेचा हम आत शिरतो, आणि तो दिसला की दुर्लक्ष करायचे, असे आम्ही एकमेकांना शिकवत आलेलो आहोत. मीही पहिल्या फेरीत त्या सुळक्याकडे काणाडोळा केला होता. आता मात्र लॅपटॉप बॅटरीवर घेतला आणि जनरेटरवर भार न टाकता तो नुसता चालवायला सांगितला, म्हणजे घरातली वीज महावितरणचीच राहील. मग ४ सेकंदांचे तुकडे घेऊन विश्लेषण केले. ४ सेकंदांच्या नोंदीत पाव हर्ट्झपर्यंतचा फरक वेगळा दिसतो. रिकाम्या चालणाऱ्या जनरेटरचे इंजिन थोडे वेगाने फिरते. त्यामुळे सुळका ५० वर न येता ५१.५ वर उभा राहिला. विजेचा हम असता तर तो ५० वरून हलला नसता. हा खरोखर हवेतला आवाज होता.

तो कुठून आला हे इंजिनच सांगत होते. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेट घेते. मिनिटाला १५०० फेरे म्हणजे सेकंदाला २५, आणि त्यांच्या दुप्पट ५०. आता खोली पाहा. पलंगाच्या उशापासून समोरच्या भिंतीपर्यंत ११ फूट, म्हणजे साधारण ३.३५ मीटर अंतर होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पुण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर धरला, तर या दोन भिंतींमध्ये बरोबर अर्धी तरंगलांबी मावेल अशी वारंवारता निघते ५१.६ हर्ट्झ. खोली जणू त्या इंजिनसाठी माप घेऊन शिवली होती. अशा वेळी दोन्ही भिंतींपाशी ध्वनिदाब सर्वांत जास्त होतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्यावर येतो. आजींचे उसे भिंतीला लागून होते. माझी तिपाई मध्यावर होती.

उशापाशी मायक्रोफोन धरला तेव्हा ५० हर्ट्झच्या पट्ट्यात ७१ डेसिबल आले. मध्यावर तेच ५२ होते. यातली दुसरी मेख अशी, की उशाचे ७१ देखील डीबीएमध्ये मोजले तर ४१ च भरतात, कारण ए-भारांकन ५० हर्ट्झला ३० डेसिबल वजा करते. माणसाचा कान खालच्या स्वरांना मंद असतो, म्हणून ही वजाबाकी करतात, आणि बऱ्याच प्रसंगी ती योग्यही असते. पण खालच्या वारंवारतेला ऐकू येऊ लागल्यानंतर कानाचा स्वभाव बदलतो. ५० हर्ट्झचा स्वर ऐकू यायलाच सुमारे ४४ डेसिबल लागतात, मात्र तेथून पुढे पातळी थोडी जरी वाढली तरी तो झपाट्याने मोठा वाटू लागतो. ४१ डीबीएचा पंखा आणि ४१ डीबीएची ही घरघर कागदावर सारखीच, पण पंख्याखाली झोप लागते.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. धुराड्याचा पाइप इमारतीच्या भिंतीवरून गच्चीपर्यंत नेलेला होता आणि प्रत्येक मजल्यावर क्लॅम्पने पक्का आवळलेला होता. क्लॅम्पवर चुंबकाने ॲक्सिलरोमीटर, म्हणजे कंपन मोजणारा सेन्सर, बसवला, आणि भिंतीच्या गिलाव्यावर मेण धरत नाही म्हणून लोखंडी चकती ॲराल्डाइटने चिकटवून तिच्यावर दुसरा लावला. इंजिनचे रबरी पाय आपले काम नीट करत होते. त्यांच्याखालचा पाया जवळजवळ शांत होता. पाइप मात्र इंजिनइतकाच नाचत होता. वास्तविक इंजिन आणि पाइप यांच्यामध्ये बेलोज होता, म्हणजे कंपन तोडणारा लवचीक नळीचा तुकडा. पण वाहतुकीत तो ताणला जाऊ नये म्हणून कारखान्याने त्याच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या बोल्टने आवळून पाठवल्या होत्या आणि जोडणी करणाऱ्या माणसांनी त्या काढल्याच नव्हत्या. पट्टीवर लाल रंगात बाण काढून सूचना लिहिलेली होती. पाच वर्षांच्या धुळीखालून ती मी रुमालाने पुसून वाचली.

पट्ट्या काढल्या, क्लॅम्पच्या जागी स्प्रिंगचे हँगर लावले, आणि उशापाशी ७१ चे ५६ झाले. पेटीपासून १ मीटरवर डीबीएचा आकडा पूर्वीचाच, ७३. म्हणजे ज्या आकड्यावर प्रमाणपत्र दिले जाते, त्याला यातले काहीच कळले नाही. फुलपात्र गप्प झाले, हे आजींनी फोन करून कळवले.

आता घरची गोष्ट. त्या सुमारास मी एक स्पीकरजोडी बांधून दोन वर्षे तिच्याशी झगडत होतो. खालच्या स्वरांसाठी साडेसहा इंची वूफर, वरच्या स्वरांसाठी एक इंची रेशमी ट्वीटर आणि १८ मिलिमीटर प्लायची पेटी. या दोघांत स्वर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरचे बरेचसे सुटे भाग तपकीर गल्लीतून गोळा केलेले होते. वूफरसाठी पेटी किती लिटरची हवी आणि पोर्टची, म्हणजे पेटीतल्या हवेला बाहेर वाट देणारी, नळी किती लांब हवी, हे ऑस्ट्रेलियात काम केलेल्या थील आणि स्मॉल या दोघांनी घालून दिलेल्या गणिताने काढता येते. ते गणित इतके भरवशाचे आहे की जगभरचे हौशी लोक आजही त्यावरच पेट्या बांधतात, फक्त छापील माहितीपत्रकातले आकडे त्यात घालू नयेत, आपल्या हातातला वूफर स्वतः मोजावा. तेही मी केले होते. पेटीच्या बाजूच्या फळीवर मेणाने छोटा ॲक्सिलरोमीटर चिकटवून, बोटाच्या पेराने टकटक करून, फळी कुठे वाजते तेही पाहिले. सव्वातीनशे हर्ट्झपाशी ती डब्यासारखी वाजत होती, म्हणून आतून तिरकी पट्टी मारली. (हा उद्योग शंकूवर करू नये. वूफरचा शंकू सगळा मिळून पंधरा-वीस ग्रॅमचा. त्यावर पाच ग्रॅमचा सेन्सर बसवला तर आपण वेगळाच वूफर मोजत असतो.)

एवढे करूनही ढोलाचा ठोका पोकळ येत होता. विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात नदीकाठी पथकाचा सराव चालतो, त्याची मी स्वतः केलेली नोंद माझ्याकडे आहे. तेथे तो ठोका पोटात बसतो हे मला पक्के ठाऊक होते, आणि माझ्या दिवाणखान्यात मात्र नुसती टिपरू पडल्याची टक ऐकू येई. मी पोर्टची नळी दोनदा बदलली. शंकूपासून जेमतेम अर्ध्या इंचावर मायक्रोफोन धरून आलेख काढला, कारण इतक्या जवळ खोलीचा परिणाम नगण्य होतो आणि स्पीकरचा खरा स्वभाव दिसतो. आलेख सुरेख होता. मग मी वूफरच्या जातीवर शंका घेऊ लागलो आणि दुसऱ्या वूफरसाठी पैसे साठवू लागलो.

आजींच्या घरून परतलो त्या रात्री मी खुर्चीत बसलो, आणि बसल्या बसल्या भिंतीकडे पाहिले. खोली १२ फूट. खुर्ची समोरच्या भिंतीपासून ६ फुटांवर. उठून टेप आणायचीही गरज नव्हती. ३४६ भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट, ७.३ मीटर, म्हणजे ४७ हर्ट्झ, आणि माझे कान दोन वर्षे बरोबर त्या ४७ हर्ट्झच्या विहिरीत ठेवलेले होते. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या जागी मायक्रोफोन ठेवून स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा स्वर, वाजवला. त्या जागी १६ डेसिबलचा खड्डा होता. खुर्ची अडीच फूट मागे सरकवली आणि ढोल परत आला. बायको म्हणाली, "एवढंच होतं तर सोफा हलवायला मी केव्हापासून सांगतेय." ती सोफा वेगळ्या कारणासाठी हलवायला सांगत होती, पण मी वाद घातला नाही.

याचा अर्थ कानाचे नेहमी खरे मानावे असा मी घेत नाही. ऑडिओच्या हौशी लोकांत कानावर अमर्याद विश्वास ठेवणारे बरेच आहेत, आणि त्यांतला मी एक होतो. नवा ॲम्प्लिफायर आणला तेव्हा त्याचा आवाज जुन्यापेक्षा मोकळा आहे, अशी माझी खात्री झाली होती. मग व्होल्टमीटर लावून दोघांची पातळी एकाच ठिकाणी आणली, पडदा ओढला, आणि कोणता चालू आहे हे मला न सांगता बदलत राहण्याचे काम मुलीकडे दिले. १६ वेळांपैकी ९ वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवले असते तरी एवढेच जमले असते. नवा ॲम्प्लिफायर अर्धा-पाऊण डेसिबल मोठा वाजत होता, इतकाच त्याचा मोकळेपणा.

कामाच्या बाजूने माझी तक्रार वेगळी आहे, आणि गणपतीच्या दिवसांत ती दरवर्षी वर येते. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतल्या मर्यादा, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, अशा डीबीएमध्ये दिलेल्या आहेत, आणि बातम्यांतही तेवढाच आकडा येतो. ताशाला तो न्याय देतो, कारण ताशाची तडतड वरच्या वारंवारतेची आहे. पण वूफरच्या भिंती लावून चाललेल्या गाडीची ताकद ४० ते ८० हर्ट्झमध्ये असते, आणि ६३ हर्ट्झला ए-भारांकन २६ डेसिबल कापून टाकते. सी-भारांकन त्याच जागी एक डेसिबलही कापत नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन्ही आकडे घेतले आणि त्यांच्यात पंधरा-वीसचा फरक दिसला, तर काचा का थरथरतात याचे उत्तर त्या फरकातच असते. सी आपल्या कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. फटाक्यांसाठी ४ मीटरवर १४५ डेसिबल सी ही मर्यादा त्यात लिहिलेली आहे. मिरवणुकीसाठी दुसरा रकाना भरायला मीटरवर एक बटण जास्त दाबावे लागेल, त्याहून अधिक कष्ट नाहीत.

सरासरी आपल्यापासून काय लपवते, याचा आणखी एक अनुभव मिरजेत आला. वडिलांचा तानपुरा जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवून घ्यायला, न्यायचा होता. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून तेथे हे काम चालते. घोडीचा माथा कानसेने घासून त्याला नकळत उतार द्यायचा आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवत योग्य जागी आणायचा, म्हणजे तार घोडीला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करत वाजते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या वाद्याबद्दल एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. साध्या तारेला ज्या बिंदूवर छेडावे, तेथे ज्या स्वरांशाचा (मूळ स्वरात मिसळलेल्या वरच्या स्वराचा) निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारा बिंदू, असेल तो स्वरांश उमटायला नको. पण तानपुऱ्याच्या तारेत तोही जोरात वाजतो. घोडीचा आकार आणि दोरा यांचीच ती करामत आहे.

मी अर्थातच मायक्रोफोन घेऊन गेलो होतो. कारागिरांनी दोरा एका जागी ठेवून तार छेडली, मान हलवली, केसभर सरकवला, पुन्हा छेडली आणि "आता खुली" म्हणाले. दोन्ही नोंदींचा स्पेक्ट्रम मी लॅपटॉपवर शेजारी शेजारी मांडला. दोन्ही जवळजवळ सारखे. तेच सुळके, त्याच उंचीचे, एखाद-दुसऱ्या डेसिबलच्या फरकाने. कारागिरांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "यातली खुली कुठली?" मला सांगता आले नाही.

घरी आल्यावर सेटिंग पाहिले. सवयीने मी पूर्ण ४ सेकंदांची सरासरी घेतली होती. जनरेटरला तीच योग्य होती, कारण जनरेटर चौथ्या सेकंदाला पहिल्यासारखाच वाजतो. तुकडे लहान करून, एकावर एक चढवून, काळाप्रमाणे चित्र काढले तेव्हा फरक उघड दिसला. पहिल्या नोंदीत सगळे स्वरांश एकदम उठून एकदम विरत होते. दुसरीत आधी वरचे उजळत होते आणि मग तो उजेड पायरी पायरीने खाली उतरत षड्जापर्यंत येत होता, जवळजवळ दोन सेकंद घेऊन. ते चित्र मी छापून मिरजेला पाठवले. कारागिरांचा फोन आला. चित्र चांगले आहे म्हणाले, आणि पंचमाची तार अजून थोडी बंद वाटते, पुढच्या खेपेला तानपुरा घेऊन या, असेही म्हणाले. पंचमाच्या तारेची नोंद मी त्यांना पाठवलीच नव्हती. ती त्यांनी त्या दिवशी दुकानातच ऐकून ठेवलेली होती.